दानशूरांचा वारसा, गुलामांचा हिशेब: शरणपूर ते झांझिबार

गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगातली काही विद्यापीठे, चर्चसंस्था आणि जुनी श्रीमंत घराणी आपल्या संपत्तीचा उगम तपासू लागली आहेत. ज्या दानातून ग्रंथालये, रुग्णालये आणि शाळा उभ्या राहिल्या, त्या दानात गुलामांच्या श्रमाचा पैसा किती होता? आणि होता असे दिसले, तर आज वारसांनी काय करायचे? आपल्याकडे या वादाच्या बातम्या येतात त्या दूरच्या देशातल्या घडामोडी म्हणून. पण पश्चिम भारत या व्यवहाराच्या बाहेर नव्हता. पूर्व आफ्रिकेतल्या व्यापाराला कर्ज पुरवणाऱ्या पेढ्यांत कच्छी आणि मुंबईच्या पेढ्या होत्या, आणि त्याच किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेली जाणारी काही मुले सुटून आली ती नाशकात. त्यामुळे या वादाचा आढावा नाशकातून घेणे अप्रस्तुत नाही.

शरणपूरची पार्श्वभूमी

चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशकात १८३२ पासून सुरू होते. १८५४ च्या सुमारास रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गावाबाहेर शरणपूरची ख्रिस्ती वसाहत उभारली आणि पुढे काही वर्षांनी तेथे आफ्रिकी आश्रम सुरू झाला. अरबी समुद्रात गुलाम वाहून नेणारी गलबते इंग्रजी जहाजे पकडत. त्यांवरची माणसे एडन किंवा मुंबईत उतरवली जात. त्यांत मुले पुष्कळ असत. त्यांतल्या काहींची रवानगी शरणपूरला होई. तिथे त्यांना वाचन-लेखनाबरोबर सुतारकाम, लोहारकाम अशी कामे शिकवली जात.

यांतल्या काहींची नावे जगाच्या इतिहासात गेली आहेत. १८६५ मध्ये आफ्रिकेतले प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी शरणपूरची नऊ मुले बरोबर घेतली. इंग्रजी ग्रंथांत त्यांचा उल्लेख ‘नासिक बॉइज’ असाच येतो. १८७२ मध्ये आणखी सहा जण गेले. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे त्यांतले. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांचे आफ्रिकी सोबती सुसी आणि चुमा आणि या नाशिककर आफ्रिकनांनी त्यांचा देह दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर वाहून किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीत शवपेटीला हात देणाऱ्यांमध्ये वेनराइट होता.

या मुलांच्या नावांकडे नीट पाहायला हवे. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, मॅथ्यू वेलिंग्टन. प्राइस आणि आयझेनबर्ग ही मिशनऱ्यांची आडनावे. वेलिंग्टनचे मूळ नाव चेंग्विंबे होते आणि तो याओ जमातीतला होता. दात्याचे नाव इमारतीला द्यावे तसे आश्रयदात्याचे नाव मुलाला दिले गेले. त्यात प्रेम असेल, सोय असेल. पण मुलाचे कुळ आणि गाव त्या नावाखाली झाकले गेले, आणि आज वारसांचा शोध घेताना पहिली अडचण येते ती इथेच.

झांझिबारची जकात

ही मुले ज्या बाजारातून निसटली, त्याचे केंद्र झांझिबार होते. ओमानच्या सय्यद सईदने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली राजधानी तिथे हलवली आणि लवंगांच्या बागा वाढवल्या. बागांत राबणारे गुलाम होते, आणि आतल्या प्रदेशातून हस्तिदंत किनाऱ्यावर वाहून आणणाऱ्यांतही गुलाम असत. तो हस्तिदंत मोठ्या प्रमाणात मुंबईला येई आणि तिथून पुढे लंडनला जाई.

झांझिबारच्या जकातीचा मक्ता १८३० च्या दशकापासून जवळपास अर्धशतक, मधली थोडी वर्षे सोडली तर, कच्छच्या मुंद्र्याहून आलेल्या भाटिया जयराम शिवजीच्या पेढीकडे होता. सुलतानाला दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची आणि वसूल होईल ते आपले, असा हा मक्ता. बंदरात उतरणाऱ्या मालावर जकात होती, तशी प्रत्येक गुलामावरही होती. म्हणजे पेढीने एकही माणूस विकत घेतला नाही असे मानले, तरी माणसांच्या आयातीवर तिचे उत्पन्न वाढत होते. जयराम वारल्यावरही पेढी आणि मक्ता टिकला. व्यवसायासोबत त्या उत्पन्नाचा वारसाही पुढच्या पिढीकडे गेला.

याच पेढीत उमेदवारी केलेला थारिया टोपण हा या सगळ्या प्रश्नाचा सर्वांत बोलका नमुना. कच्छमधल्या लखपतचा हा खोजा मुलगा लहान वयात झांझिबारला पोहोचला, वाढत वाढत पूर्व आफ्रिकेतल्या सर्वांत धनाढ्य व्यापाऱ्यांपैकी एक झाला आणि १८७० च्या दशकात काही काळ जकातीचा मक्ता त्याच्याकडे आला. हस्तिदंत आणि गुलामांचा विख्यात व्यापारी टिपू टिप याच्या काफिल्यांना भांडवल पुरवणारा तोच. आणि गुलामीविरोधी कामात इंग्रजांना साहाय्य करणाराही तोच. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्याने झांझिबारच्या समुद्रकाठी धर्मार्थ रुग्णालयाचा पाया घातला, १८९० मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला, १८९१ मध्ये तो मुंबईत वारला. इमारत त्याच्या विधवेने पुरी केली. लाकडी नक्षीच्या सज्जांची ती देखणी वास्तू आज जुना दवाखाना या नावाने पर्यटकांना दाखवली जाते.

आणखी एक दान लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८७३ मध्ये झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाल्यावर त्या जागी अँग्लिकन चर्च उभे राहिले. जागेचा एक भाग मिशनने विकत घेतला. दुसरा भाग जयराम सेनजी नावाच्या भारतीय व्यापाऱ्याने दिला, असे मिशनच्या वृत्तांतांत येते. हा दाता आणि जकातीची पेढी यांची सांगड नावाच्या साम्यावरून घालणे घाईचे ठरेल. मात्र गुलामांच्या बाजाराच्या जमिनीचा एक भाग एका भारतीय व्यापाऱ्याच्या मालकीचा होता आणि तो त्याने दान केला, एवढेही विचार करायला लावणारे आहे.

इंग्लंडातला पुरावा

वारशाच्या प्रश्नाला कागदोपत्री आधार मिळाला तो इंग्लंडात. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतली गुलामी रद्द झाली तेव्हा सरकारने दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, आणि ती मालकांना दिली. सुमारे आठ लाख गुलामांना काहीच मिळाले नाही. उलट १८३८ पर्यंत त्यांना उमेदवारीच्या नावाखाली त्याच मळ्यांवर राबावे लागले. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड २०१५ मध्ये झाली. भरपाई मागणाऱ्यांच्या नोंदी सरकारी दफ्तरात होत्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने त्या एकत्र करून २०१३ मध्ये लोकांना खुल्या केल्या. त्यानंतर वाद तर्कावरून नावांवर आला.

त्याआधीचे एक उदाहरण ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन याचे. बार्बाडोसमधल्या मळेवाल्या घराण्यात तो जन्मला, वडिलोपार्जित मळ्यांचा धनी झाला आणि १७१० मध्ये वारला. त्याने ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजला ग्रंथालयासाठी दहा हजार पौंड आणि आपला ग्रंथसंग्रह दिला. बार्बाडोसचे दोन मळे तिथल्या गुलामांसह एस. पी. जी. या मिशनरी संस्थेला दिले, तेही तिथे विद्यालय चालावे म्हणून. या धर्मसंस्थेच्या गुलामांच्या छातीवर ‘सोसायटी’ अशी तप्त मुद्रा उमटवली जात असे. गुलामी रद्द झाल्यावर संस्थेला ४११ माणसांपोटी आठ हजार पौंडांहून अधिक भरपाई मिळाली.

महाराष्ट्राला ही संस्था अनोळखी नाही. १८७० च्या दशकापासून अहमदनगर जिल्ह्यात एस. पी. जी.चे मोठे काम होते आणि तिथल्या अनेक दलित कुटुंबांच्या शिक्षणाची सुरुवात या मिशनच्या शाळांतून झाली. कॉड्रिंग्टनच्या मळ्यांचे उत्पन्न मृत्युपत्रानुसार बार्बाडोसच्या विद्यालयासाठी होते, म्हणून त्यातला पैसा नगरला आला असे म्हणायला आधार नाही. नाशकातली चर्च मिशनरी सोसायटी तर वेगळीच. तिच्या संस्थापकांच्या वर्तुळात विल्बरफोर्ससारखे गुलामीविरोधी चळवळीचे धुरीण होते. हा फरक नोंदवणे आवश्यक आहे, कारण मिशन म्हटले की सगळ्यांना एका मापाने मोजण्याची सवय या वादात दोन्ही बाजूंना आहे.

२०२० मध्ये ऑल सोल्सने ग्रंथालयाचे कॉड्रिंग्टन हे नाव सोडले, पुतळा मात्र ठेवला. एस. पी. जी.च्या उत्तराधिकारी संस्थेने २०२३ मध्ये बार्बाडोससाठी सत्तर लाख पौंडांचा कार्यक्रम जाहीर केला. त्याच वर्षी ग्रेनाडात गुलामांचे मळे असलेल्या ट्रेव्हेल्यन घराण्यातल्या काहींनी तिथे जाऊन जाहीर माफी मागितली; पत्रकार लॉरा ट्रेव्हेल्यन यांनी एक लाख पौंड दिले. मद्रासचे गव्हर्नर राहिलेले चार्ल्स ट्रेव्हेल्यन याच घराण्यातले. ग्लॅडस्टन घराण्याच्या वंशजांनीही २०२३ मध्येच गयानात माफी मागितली. त्यांचा पूर्वज जॉन ग्लॅडस्टन याला भरपाईत एक लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली होती. गुलाम हातचे जाणार हे दिसताच त्याने १८३८ मध्ये करारबद्ध भारतीय मजूर गयानाला नेण्याची व्यवस्था केली. भारतीय वाचकाने हे प्रकरण कॅरिबियनचे म्हणून बाजूला ठेवू नये, याला एवढे एक कारण पुरे.

मते कुठे वेगळी होतात

पहिली भूमिका काळाच्या मर्यादेची. माणसाला त्याच्या काळाच्या कायद्याने आणि रीतीने जोखावे, असे तिचे म्हणणे. थारियाने ज्या झांझिबारमध्ये व्यापार केला तिथे गुलामी कायदेशीर होती. कर्ज देताना काफिल्यात काय काय येणार याचा हिशेब सावकार ठेवत नसे. आणि संधी मिळताच तो गुलामीविरोधी बाजूला आला. छाया गोस्वामी यांच्या कच्छी व्यापाऱ्यांवरील संशोधनातून हा व्यापार किती पसरलेला होता हे दिसते: कापड, लवंग, हस्तिदंत, हुंडी, जहाजभाडे. एवढ्या व्यवहारातून फक्त गुलामांचा धागा ओढून काढला तर चित्र बिघडते, हा युक्तिवाद हलका नाही.

मात्र त्या काळात कोणालाच यात वावगे वाटत नव्हते, हे खरे नाही. १८६० च्या सुमारास झांझिबारचा ब्रिटिश वकील रिग्बी याने भारतीय प्रजाजनांच्या ताब्यातले हजारो गुलाम मुक्त करवले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर १८७३ मध्ये तहासाठी झांझिबारला गेले, तेव्हा भारतीय व्यापाऱ्यांच्या भांडवलाशिवाय हा व्यापार चालू शकत नाही, असाच त्यांच्या निरीक्षणांचा रोख होता. अर्थात इंग्रज अधिकाऱ्यांच्या या साक्षीही निर्हेतुक नव्हत्या. दोष व्यापाऱ्यांवर ठेवला की साम्राज्य नीतिमान दिसत असे. त्या वाचताना हे भान ठेवायलाच हवे.

दुसरी भूमिका रचनेची. अब्दुल शेरीफ आणि फ्रेडरिक कूपर या अभ्यासकांनी झांझिबारची अर्थव्यवस्था उलगडून दाखवली आहे. लवंग, हस्तिदंत आणि गुलाम यांचे खाते वेगळे करता येत नाही, कारण पहिल्या दोन्हींना तिसऱ्याचे श्रम लागत होते. शेरीफ यांनी तर भारतीय भांडवलाला या रचनेच्या मध्याजवळ बसवले आहे. असे मानले की अमुक टक्के पैसा गुलामीचा हा हिशेबच गैरलागू ठरतो. मला ही मांडणी इतिहास म्हणून पटते. नैतिक हिशेबासाठी मात्र ती अपुरी पडते, कारण ज्यात सगळेच गुंतलेले, तिथे जबाबदारीचा वाटा ठरवणे अवघड होते आणि शेवटी कुणावरच ठरत नाही.

तिसरी भूमिका वारसांची, आणि अलीकडे तिलाच धार आली आहे. पूर्वजाच्या कृत्याचा दोष वंशजाला लागत नाही, हे जवळपास सर्वांना मान्य आहे. पण लाभ लागतो, असे ट्रेव्हेल्यनसारख्या घराण्यांतली माणसे म्हणतात: शिक्षण, जमीन, प्रतिष्ठा, ओळखी हे सगळे त्या पैशातून पुढे आले. आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. वडिलांची इस्टेट घेणाऱ्या मुलावर त्यांचे कर्ज फेडण्याची जबाबदारी धर्मशास्त्राने टाकली होती आणि गावगाड्यात ती पाळलीही जात असे. प्रश्न एवढाच की कर्ज कोणाचे होते हे लिहून ठेवलेले नसेल, तर फेडायचे कोणाला?

यावर कॅरिबियन देशांचा आक्षेप वेगळाच आहे. त्यांच्या संघटनेने २०१३ मध्ये आयोग नेमला आणि पुढच्या वर्षी दहा कलमी मागणी मांडली. तिचा रोख राज्यांवर आहे. एखाद्या घराण्याने स्वखुशीने दिलेली देणगी ही पुन्हा दानच राहते, म्हणजे किती, कुणाला आणि केव्हा हे दाताच ठरवतो. ज्यांचे येणे आहे ते पुन्हा याचक होतात. या आक्षेपाला वारसांकडून समाधानकारक उत्तर अजून आलेले नाही.

आपल्या घरचे हिशेब

महाराष्ट्रात या प्रश्नाला सर्वांत जवळचा वाद अफूचा. सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या दानातून मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि कलाशाळा उभी राहिली. त्यांच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता. अमर फारुकी यांनी मुंबईच्या उभारणीतला अफूचा भाग सविस्तर दाखवून दिला आहे. माळव्याच्या अफूवरचा कर मुंबई सरकारच्या तिजोरीतही पडत असे. शरणपूरच्या आफ्रिकी मुलांसाठी सरकार जे साहाय्य देई ते याच तिजोरीतून. सोडवणाऱ्याचा हातही पुरता कोरडा नव्हता, हे मान्य करून पुढे जावे लागते.

त्याहून जवळचा आणि कमी बोलला जाणारा विषय पेशवाईतल्या कुणबिणींचा, म्हणजे गुलाम स्त्रियांचा. पेशवे दफ्तरात त्यांच्या खरेदी-विक्रीच्या, किमतींच्या, बक्षीस दिल्याच्या नोंदी आहेत. सरकारी कोठ्या, पागा, वाडे यांत त्या राबत. सुमित गुहा यांनी अठराव्या शतकातल्या पश्चिम भारतातली ही गुलामी २००६ च्या एका निबंधात मांडली आहे. नाशिकचे वैभव याच शतकातले. काळारामाचे मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी बांधले, सुंदरनारायण आणि नारोशंकराचे देऊळही सरदारांच्याच दानातले. यातले अमुक देऊळ कुणबिणींच्या श्रमावर उभे आहे असे विधान मी करणार नाही. परंतु सरदारांच्या संपत्तीचा अभ्यास होतो, मंदिरस्थापत्याचा होतो, कुणबिणींचाही थोडाफार होतो, आणि हे तिन्ही अभ्यास एकमेकांना भेटत नाहीत.

जोतीराव फुल्यांनी हे धागे फार आधी एकत्र आणले होते. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी १८७३ मध्ये अमेरिकेतल्या गुलामीविरोधकांना अर्पण केले. झांझिबारचा बाजार बंद झाला आणि लिव्हिंग्स्टन वारले ते हेच साल. फुल्यांनी ब्राह्मणी व्यवस्थेतल्या शूद्रातिशूद्रांची स्थिती निग्रो गुलामांच्या शेजारी ठेवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून काही बाबतींत अस्पृश्यता अधिक वाईट असल्याचे प्रतिपादन केले. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह नाशकात सुरू झाला तेव्हा दादासाहेब गायकवाड आणि सत्याग्रहींनी दानाविषयीचाच एक प्रश्न विचारला होता: सर्वांच्या देवासाठी दिलेले दान सर्वांना का खुले नाही? दान कुठून आले याइतकेच ते कोणापर्यंत पोहोचले, हे नाशिकने जवळपास शंभर वर्षांपूर्वी विचारलेले आहे. पाश्चात्त्य चर्चेत पैशाच्या उगमावर जेवढा भर दिसतो तेवढा या बाजूवर दिसत नाही.

न सुटलेले

नावांचा प्रश्न अर्धवट सुटला आहे. पुतळा हटवावा की फलक लावावा, यावर ऑल सोल्सने मधला मार्ग काढला. ब्रिस्टॉलमध्ये २०२० च्या जूनमध्ये जमावाने गुलामांच्या व्यापारातला दानशूर एडवर्ड कोल्स्टन याचा पुतळा बंदरात लोटला. झांझिबारचा जुना दवाखाना वारसास्थळ म्हणून जपला आहे. त्या वास्तूला भेट देणाऱ्याला तिचा दाता रुग्णसेवेसाठी जेवढा आठवतो तेवढाच टिपू टिपचा सावकार म्हणूनही आठवावा, असे मला वाटते. दोन्ही खरे आहे, आणि एकाने दुसरे पुसले जाऊ नये.

पुराव्याचा प्रश्न अधिक अवघड. इंग्लंडात सरकारने मालकांना पैसे दिले म्हणून याद्या तयार झाल्या. भारतात १८४३ च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानणे बंद केले आणि दंडसंहितेने पुढे माणसांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. भरपाई कुणालाच दिली नाही, त्यामुळे यादीही झाली नाही. इथला पुरावा विखुरलेला आहे: मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात, गुजराती लिपीतल्या पेढ्यांच्या वह्यांत, पुण्याच्या पेशवे दफ्तरात, बर्मिंगहॅम विद्यापीठात ठेवलेल्या चर्च मिशनरी सोसायटीच्या कागदांत. मोडी, गुजराती, अरबी, स्वाहिली आणि इंग्रजी अशा भाषा-लिप्यांत तो वाचावा लागतो. एका माणसाच्या आवाक्यातले हे काम नाही, आणि कुठल्याही एका विद्यापीठाने ते अंगावर घेतलेले नाही.

तिसरा प्रश्न दावेदारांचा. १८७४-७५ मध्ये प्राइस मोंबासाला गेले आणि तिथे मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. तिला बार्टल फ्रिअर यांचे नाव मिळाले. शरणपूरचे अनेक आफ्रिकी तिथे गेले, आणि काही त्याआधीच, १८६४ पासून, मोंबासाजवळ काम करत होते. पूर्व आफ्रिकेतल्या पहिल्या पिढीच्या शिक्षक-धर्मोपदेशकांत ही माणसे होती. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ मध्ये मोंबासात वारला. जोसेफ हॅरिस यांच्या १९७१ च्या ग्रंथाने आणि लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने २००७ मध्ये भरवलेल्या ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ प्रदर्शनाने त्यांची आठवण पुन्हा जागी केली. पण मराठीत त्यांच्यावर सलग, दफ्तरे पाहून लिहिलेला ग्रंथ हवा आहे. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या नाशिककरांपैकी फार थोड्यांना तिथे कोण आश्रयाला आले होते ते ठाऊक असते.

दात्यांची घराणी शोधणे त्या मानाने सोपे आहे. त्यांची नावे दगडावर आहेत. मोंबासाच्या फ्रिअर टाउनमधली कुटुंबे आणि शरणपूरच्या नोंदी यांची गाठ घालणे हे त्याहून निकडीचे काम आहे, आणि त्याची सुरुवात नाशिकमधूनच होऊ शकते: बाप्तिस्म्याच्या नोंदी, आश्रमाचे वार्षिक अहवाल आणि १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमधली शरणपूरची माहिती एकत्र ठेवून, प्रत्येक नव्या नावापुढे जुने नाव, जमात आणि गाव मिळेल तेवढे लिहून काढणे.